खात्री पटली नाही

प्रिय ताई,

तू गेल्यापासून घरातून तुला आलेलं प्रत्येक पत्र माझ्या हातचं आहे. आई सांगायची, मी लिहायचो. त्या साडेसहा वर्षांत पत्रात जिथे जिथे "मी" आलं, तिथे ती आई होती. आज पहिल्यांदा मी म्हणजे मीच आहे, त्यामुळे हात जरा जड चालतोय. आधी सगळं कच्च्या कागदावर लिहिलं, दोनदा वाचलं आणि आता उतरवून काढतोय. हसू नकोस. नववीत शाळा सुटली त्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "गणित तुला येत नाही, इतिहास तू वाचत नाहीस, पण एक वेलांटी तुझ्या हातून चुकायची नाही." तेवढ्या शिदोरीवर आजवर निभावलंय.

आधी घरचं लिहितो. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटल्यावर तिला पहिल्यांदा दिसली छताची जळमटं आणि नंतर दिसलो मी. दोघांबद्दल ती एकाच सुरात बोलली. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून ते पूर्वीपेक्षा जास्त संशयी झालेत. खोलीत कुणी हसलं की ते आपल्यालाच हसलं असं धरून चालतात. दुधाची बाटली उजेडात धरून बघतात, पेपरची पानं मोजून घेतात. गेल्या महिन्यात मी दाराला दुसरं कुलूप बसवलं तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही बापलेक उद्या आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागाल." बाबांना ते ऐकूच गेलं नाही, म्हणून दोघांच्या वाटचं मीच ऐकून घेतलं. खालचे शिंपीकाका बरे आहेत. तू त्यांच्याशी बोलणं टाकून गेलीस, तरी दर वेळी जिन्यात गाठून विचारतात, पोरीचं पत्र आलं का. त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे, पण ते जरा पुढे.

मी पक्षाच्या कचेरीत आहे हे तुला ठाऊक आहे. तिथे काय करतो हे आईनं कधी सांगितलं नसणार, कारण ते काम आहे असं तिला वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे एक खोली आहे. दारावर पाटी आहे, "आंतरराष्ट्रीय विभाग". नाव ऐकून लोक बिचकतात. आत एक टेबल, एक टाइपरायटर, दोन लोखंडी कपाटं, एक चहाची किटली आणि आम्ही दोघं, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे बाबांचे जुने साथी, तू लहानपणी ज्यांच्या चष्म्याची काडी मोडली होतीस तेच. ते आता विभागाचे चिटणीस आहेत. आपला धरून बारा देशांतले समाजवादी पक्ष एकमेकांना बंधुपक्ष म्हणवतात. बंधू आहेत यात शंका नाही, कारण भांडतात अगदी सख्ख्या भावांसारखे. ठरावात "निषेध" म्हणायचं की "तीव्र चिंता", यावर चार महिने पत्रं चालली होती. प्रत्येक पत्राची सुरुवात "प्रिय साथी" अशी आणि पुढचा मजकूर असा की ज्याला वाचून दाखवावा त्यानं कानावर हात ठेवावेत.

पण एका बाबतीत बाराही जणांचं एकमत आहे, आणि ते माझ्या टेबलावर घडतं. एखाद्या देशात पक्षावर बंदी आली आणि तिथला माणूस जीव घेऊन बाहेर पडला, तर तो ज्या बंधुपक्षाच्या दारात पहिल्यांदा येईल त्यानं त्याची चौकशी करायची आणि एक कागद तयार करायचा. कागदाच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात, "खात्री पटली" आणि "खात्री पटली नाही". नको ती खोडायची आणि सही करायची. मग बाकीचे अकरा पक्ष त्या माणसाला पुन्हा काही विचारत नाहीत. पटली तर बारा दारं उघडी, नाही पटली तर बाराही बंद. परदेशी माणसांचे मुक्कामाचे परवाने देणारी सरकारी कचेरीसुद्धा हा कागद बघूनच परवाना वाढवते. ही चौकशी गेली तीन वर्षं मी करतो. अण्णा फक्त सही करतात. माझ्या कागदात अण्णांना आजवर दुरुस्ती करावी लागलेली नाही, आणि याचा मला अभिमान होता.

आठ आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी तो आला. पलीकडच्या ज्या देशात वर्षभरापूर्वी पक्षावर बंदी आली, तिथला. पंचेचाळिशीचा असेल, खांदे रुंद, बोलणं आपल्यासारखंच, फक्त हेल वेगळा. खुर्चीवर बसण्याआधी त्यानं ती हलवून बघितली. मला ते आवडलं, कारण मीही तसंच करतो. बेकरीत काम करत होतो म्हणाला. मी त्याला साथी म्हटलं, चहा दिला आणि त्याची सभासद पुस्तिका मागितली.

त्यांच्या पक्षात दर महिन्याला शाखेची सभा होते. सभेला हजर राहिलं की शाखेचा चिटणीस पुस्तिकेतल्या त्या महिन्याच्या चौकोनात शिक्का मारून सही करतो. दुसऱ्या देशांच्या अशा पंचवीस-तीस पुस्तिका माझ्या हाताखालून गेल्या आहेत, त्यामुळे खरी कशी दिसते हे मला ठाऊक आहे, असं मी समजत होतो. खऱ्या पुस्तिकेवर चहाचा डाग असतो. एखादा शिक्का उलटा पडलेला असतो. शाई कधी निळी तर कधी जांभळी. याच्या पुस्तिकेत चाळीस चौकोन होते, सदतीस भरलेले आणि तीन कोरे. आणि सदतीसच्या सदतीस शिक्के एकाच शाईचे. मी पट्टी लावून बघितलं, सगळे उजवीकडे सारखेच कललेले. पेनही एकच. सव्वातीन वर्षं एक माणूस दर महिन्याला शिक्का तेवढाच तिरपा मारत नाही, ताई. हे एका बैठकीत बसून केलेलं काम होतं. मी पट्टी पुन्हा एकदा लावून बघितली. आनंदानं म्हण, भीतीनं म्हण, मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मी विचारलं, पुस्तिका नवी दिसते? तो म्हणाला, जुनी राहिली नाही. राहिली नाही म्हणजे हरवली का? तर म्हणाला, "राहिली नाही असं लिहा." तीन चौकोन कोरे का, असं विचारल्यावर म्हणाला, त्या महिन्यांत सभेला नव्हतो. मला वाटलं, काय पक्का माणूस आहे, थापेला खरेपणाचं अस्तरसुद्धा लावून आणलंय. मी हात दाखवायला सांगितले. त्यानं बाह्या सरकवल्या. कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा होत्या. मी मनात म्हटलं, अशा खुणा कुठल्याही खानावळीतल्या आचाऱ्याच्या हातावर असतात. एकदा मन एका बाजूला झुकलं की समोरची प्रत्येक गोष्ट तिकडेच घरंगळत जाते. तेव्हा मात्र मला वाटत होतं, मी बारकाईनं बघतोय.

दुसऱ्या दिवशी मी माझी खास कसोटी लावली. ती अण्णांनी शिकवलेली नाही, माझी मीच काढली आहे. "शाखेतल्या तिघांची नावं आणि पत्ते सांगा." नावं मिळाली की मी ती जुन्या परिषदांच्या याद्यांशी ताडून बघतो. त्यानं माझ्या पेनाच्या टोकाकडे बघितलं. मग म्हणाला, "नावं देणार नाही." मी म्हटलं, का? "तुम्ही ती या कागदावर लिहाल." अर्थात लिहीन, मी म्हटलं. "म्हणूनच," तो म्हणाला, आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. अर्धा भरलेला होता. मी लिहिलं, "साथीदारांची नावे सांगण्यास नकार," आणि पट्टी धरून त्याखाली रेघ मारली. त्या दिवसापासून त्याला साथी म्हणणंही मी सोडलं.

तो कागद क्रमांक एक्केचाळीस. "खात्री पटली" या दोन शब्दांवर रेघ. अण्णांनी सही केली, अकरा प्रती निघाल्या, अकरा पाकिटं झाली. शिपायावर भरवसा नको म्हणून मी स्वतः टपालपेटीत टाकून आलो आणि एखादं अडकलं तर नाही ना, हे फटीतून वाकून बघितलं. त्यातलं एक पाकीट तुमच्या शहरात आलं असणार. तिथल्या बंधुपक्षाच्या मदत कार्यालयात भाऊजी बसतात, हे मला तुझ्याच पत्रांवरून ठाऊक आहे. क्रमांक एक्केचाळीस त्यांच्या कपाटात असेल.

गेल्या आठवड्यात त्याच देशातून आणखी एक बाई आल्या. साठीच्या शिक्षिका. अण्णा त्यांना वीस वर्षांपूर्वीच्या एका परिषदेपासून ओळखतात. जिन्यातच दोघांची गळाभेट झाली आणि अण्णांनी तीनदा चष्मा पुसला. तरी आत आल्यावर म्हणाले, "नियम म्हणजे नियम. बाईंना चहाही द्या आणि चौकशीही करा." मी पुस्तिका उघडली आणि पट्टी शोधू लागलो. एकच शाई, एकच पेन, शिक्के सगळे उजवीकडे कललेले. दोन चौकोन कोरे.

मी विचारलं, हे असं कसं? बाई खळखळून हसल्या. "अहो, जुन्या सगळ्या जाळल्या. बंदीचा हुकूम आला त्याच दिवशी. पोलिसांच्या हाती पुस्तिका लागली म्हणजे चाळीस सभांची हजेरीच लागली की." दोन दिवसांत शहरातल्या सगळ्या शाखांच्या पुस्तिका गोळा झाल्या. प्रत्येकानं आपली वेगळ्याच माणसाच्या हातात दिली, त्यानं पुढच्याच्या, आणि शेवटी त्या एका बेकरीत पोचल्या. बेकरीच्या भट्टीत जाळल्या. "पावाची एक आख्खी खेप वाया गेली म्हणे. जळक्या पुठ्ठ्याचा वास लागला पावाला." पुढे ज्याला देश सोडावा लागला, त्याला कोरी पुस्तिका मिळाली आणि त्याच्या शाखेच्या चिटणिसांनी समोर बसवून आठवून आठवून सगळे शिक्के एका दमात मारले. "माझ्या आजारपणाचे दोन महिने कोरे. मी म्हटलं, भरून टाका की, कोण बघतंय? तर म्हणाले, नव्हतात तर नव्हतात."

मी विचारलं, बेकरीवाला कोण? बाईंचं हसू गेलं. "मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. आमच्याकडे अशी नावं फक्त पोलीस विचारतात, बाळ." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या पुढच्या देशात गेल्या. त्यांच्या कागदावर मी "पटली नाही" खोडलं तेव्हा रेघ वाकडी गेली.

त्याच दुपारी मी अण्णांसमोर उभा राहिलो. पुढच्या बुधवारपासून आपल्याकडे बाराही पक्षांचं अधिवेशन आहे. सभागृहात कोण कुणाशेजारी बसणार नाही, याचा तक्ता अण्णा पेन्सिलीनं करत होते. मी म्हटलं, एक्केचाळीस मागे घ्यायचा आहे. ते म्हणाले, "मागे? अरे, डोकं ठिकाणावर आहे का? बुधवारी अकरा पक्षांची माणसं हा जिना चढून येणार, आणि त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं की आमच्या सहीवर जाऊ नका? दोन वर्षांपूर्वी एका पक्षानं असाच कागद मागे घेतला. अजून त्यांचा कागद आला की लोक म्हणतात, थांबा, उद्या दुसरा येईल." मी म्हटलं, सोमवारी त्याचा परवाना संपतो. आपला कागद विरुद्ध म्हणून वाढवून मिळाला नाही. सोमवारनंतर त्याला पकडून सीमेवर नेतील आणि पलीकडच्यांच्या ताब्यात देतील. अण्णांनी पेन्सील खाली ठेवली. "अधिवेशन होऊ दे, मग बघू." तोवर तो नसेल, मी म्हटलं. तेव्हा ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चौकशी तुझीच ना? मग आता खरं सांग. तोच तो बेकरीवाला, याची तुला खात्री पटली आहे?"

मला हो म्हणता आलं नाही, ताई. बेकऱ्या पुष्कळ असतात. बाईंनी त्याचं तोंड बघितलेलं नाही. पोलिसांनी एखादी अशी पुस्तिका पकडून तिची नक्कल करायची म्हटली, तर तीही एका शाईचीच होईल, आणि तीन चौकोन कोरे ठेवण्याएवढं डोकं पोलिसांनाही असतं. हे सगळं माझ्या मनात तिथल्या तिथे आलं. अण्णा म्हणाले, "झालं तर मग," आणि पुन्हा तक्ता ओढला.

काल दुपारी मी त्याच्या खोलीवर गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, चार खाटा, एक खिडकी. बाकीचे तिघं कामावर गेले होते. तो जमिनीवर बसून बुटाला टाके घालत होता. मला बघून म्हणाला, "या साहेब. कुठली चौकशी राहिली? दात मोजायचे राहिलेत बहुतेक." मी उभ्याउभ्याच सांगितलं, मला भट्टीचं कळलं. त्याची सुई थांबली. तो उठला, माझ्या मागून जाऊन त्यानं दार लावलं आणि कडी घातली. खरं सांगतो, मी घाबरलो. खिडकी किती उंचावर आहे, हे मी बघून ठेवलं. त्यानं विचारलं, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, ते सांगता येणार नाही. "बाई की माणूस?" तेही सांगता येणार नाही. "अजून आहे या शहरात, की गेलं?" तेही नाही, अशी मी मान हलवली.

मग तो हसायला लागला. खाटेवर बसून, मांडीवर हात आपटत हसला. "जमलं की तुम्हाला," म्हणाला. "मला वाटलं होतं, तुम्हाला फक्त विचारता येतं." मग त्यानं मला बसायला सांगितलं. मी खाट हलवून बघितली आणि बसलो. आम्ही पाऊण तास बोललो. म्हणजे तो पावाच्या पिठाबद्दल बोलला. पाणी किती कोमट असावं, हवा दमट असली की पीठ कसं हट्ट करतं. भट्टीबद्दल एक शब्द नाही, नाव एकही नाही. निघताना मी विचारलं, पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीत? म्हणाला, "तुमची मला खात्री पटली नव्हती." आता पटली का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

आता शिंपीकाकांबद्दल. सात वर्षांपूर्वी आपल्या शाखेच्या लपवलेल्या छापखान्यावर धाड पडली, बाबा तीन महिने आत गेले आणि सुटून आल्यावर शाखेत कुजबुज सुरू झाली की आतल्याच कुणीतरी पत्ता दिला. तुझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मग कुणीतरी बाबांना सांगितलं की धाडीच्या आदल्या दिवशी भाऊजी औषधाच्या दुकानासमोर एका मोटारीत वाकून आतल्या माणसाशी बोलत होते. बाबा शाखेचे अध्यक्ष. सासऱ्यानं जावयाला सगळ्यांसमोर विचारलं, मोटारीत कोण होतं? भाऊजी म्हणाले, ते सांगणार नाही. आणखी काहीच बोलले नाहीत. बाबांनी त्यांना पक्षातून काढलं. सहा महिन्यांनी तुम्ही देश सोडलात. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक गोष्ट तुला माहीत नाही. औषधाच्या दुकानासमोर शिंपीकाकांचं दुकान, म्हणून पाहणारे तेच, असं तू धरलंस. बाबांनी नाव सांगितलं नाही आणि कुणी तुझी समजूत खोडलीही नाही.

पाहणारा मी होतो, ताई. माझ्या खिडकीतून. मी एकोणीस वर्षांचा होतो. हे माफी मिळावी म्हणून सांगत नाही, नोंद असावी म्हणून सांगतो. मी खोटं बोललो नव्हतो. वाकून बोलताना पाहिलं, एवढंच सांगितलं. बाकीचं बाबांनी जोडलं आणि मी त्यांना जोडू दिलं. मोटारीत कोण होतं, हे मला आजही माहीत नाही. कुणी रस्ता विचारत असेल, कुणी त्यांचा मित्र असेल. त्याचं नाव घेतल्यानं तो अडकला असता, असं कुणीही असेल. काल ती कडी लागल्याचा आवाज ऐकला तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की नाव न सांगणारा माणूस कुणाला तरी वाचवत असू शकतो. सात वर्षं हे मला सुचलं नाही. भाऊजींना मी जसं वाचलं, तसंच बेकरीवाल्याला वाचलं, अगदी पट्टी लावून.

काल परतताना शिंपीकाकांच्या दुकानात गेलो आणि त्यांना सांगून टाकलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाले, "मला ठाऊक आहे. तुझी खिडकी माझ्या दुकानावरच उघडते. त्या दिवशी पडद्याआड उभा होतास." मी म्हटलं, मग तिला का नाही सांगितलंत? तुमच्याशी बोलणं टाकलं तिनं. त्यांनी दोरा दातानं तोडला. "काय सांगणार? नवऱ्याची अब्रू गेली, बाप तुटला, आता भाऊही तुझा नाही, असं? माझ्याशी नाही बोलली तर माझं काय बिघडतं? मी शिंपी आहे, गिऱ्हाईकं रोजच रुसतात." तू त्यांना एक ओळ लिही. माझ्या पत्रात घालू नकोस, वेगळी पाठव.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागेल, आणि ही गोष्ट ओरडून कशी सांगायची हे मला समजत नाही. पण सांगणार आहे. कचेरीतही सोमवारी सांगणार आहे की हे पत्र मी लिहिलं. अण्णा मला ठेवतील असं वाटत नाही. बुधवारी ते सगळे सभागृहात एकमेकांचे हात हातात धरून उभे राहतील, फोटो निघेल, आणि मी बहुधा घरी बसून बाबांना पेपर वाचून दाखवत असेन. पण अण्णा वाईट नाहीत. त्यांना बारा जणांचं घर एका छपराखाली ठेवायचंय. त्यासाठी एखादा माणूस बाहेर राहिला तर ते डोळे पुसतील, पण दार उघडणार नाहीत.

तुझ्या हातात ज्यानं हे पत्र दिलं, तोच तो. उद्या शनिवारी सकाळच्या गाडीत मी त्याला बसवून देतोय. तिथे उतरल्यापासून बहात्तर तास त्याला राहता येतं. तेवढ्यात तिथल्या पक्षानं त्याच्यासाठी सही केली तर तो राहील, नाहीतर त्याला परत पाठवतील. सही भाऊजींची लागते, आणि त्यांच्या कपाटात माझा कागद आहे. पत्र देऊन जवळपास कुठे तरी बसून राहा, असं मी त्याला सांगितलंय, कारण माझी बहीण सावकाश वाचते. पाकीट मी चिकटवणार नाही, हेही आज त्याला सांगितलं. वाटेत वाचावंसं वाटलं तर वाचा, म्हटलं. तो म्हणाला, "तुमच्या घरातलं आहे, मी कशाला वाचू?" खरंच वाचणार नाही का, ही शंका मला आत्ताही आहे. हे पत्र भाऊजींना दे, सगळं दे, माझ्या कबुलीचं पानही वगळू नकोस. त्यांना सांग, मला खात्री पटलेली नाही आणि पटणारही नाही, पुरावा एकही नाही, आणि तरी मी म्हणतो की याच्यासाठी सही करा. माझ्या शब्दाची किंमत काय, हे त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. पण भाऊजी तिथे पोचले तेव्हा त्यांच्या मागोमाग आपल्या पक्षाचा असाच एक कागद गेला होता. त्याची प्रत आमच्या कपाटात आहे, मी पाहिली आहे. तिथल्या कुणीतरी तो वाचला, बाजूला ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला बस म्हटलं. त्याचं नाव मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. तेवढंच भाऊजींनी करावं. ताई, आता पत्र ठेव आणि बाहेर जा. तो बसला असेल. त्याला आत घे.

तुझाच,
धाकटा